किती घरं गाठायची? नमुन्याच्या आकाराबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. कुणाचा कॉलेजचा प्रकल्प आहे, कुणाच्या मंडळाला तालुक्याची पाहणी करायची आहे, आणि गाडी अडते ती ‘किती जणांना विचारायचं?’ इथेच. सगळी पत्रं ‘किती टक्के?’ या प्रकारच्या पाहणीची आहेत, म्हणून उत्तरंही तेवढ्यापुरतीच देत आहोत. सरासरी उत्पन्न किंवा सरासरी उतारा काढायचा असेल तर सूत्र वेगळं लागतं.

प्रश्न : मी एम.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. बेळगाव शहरातले किती टक्के छोटे दुकानदार उधारीची वही अजून हातानं लिहितात, हा माझा विषय. गाइड म्हणाले, ‘३८४ घे.’ मैत्रिणीचा विषय अख्ख्या जिल्ह्याचा आहे, तिलाही ३८४च सांगितले. शहर आणि जिल्हा दोन्हीला एकच आकडा कसा? (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो कुठून आला हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल, म्हणून मुळापासून बघू.

नमुना = झेड² × पी × (१ − पी) ÷ ई²

यात तीनच गोष्टी आहेत. झेड ठरतो तो किती खात्री हवी यावरून: ९० टक्क्यांना १.६४५, ९५ टक्क्यांना १.९६, ९९ टक्क्यांना २.५७६. पी म्हणजे जे प्रमाण शोधायचं आहे त्याचा आधीचा अंदाज. ई म्हणजे उत्तर किती इकडेतिकडे झालेलं चालेल. ९५ टक्के खात्री, पी ०.५ आणि ई ०.०५ घातलं की ३.८४१६ × ०.२५ ÷ ०.००२५ = ३८४.१६. हाच तो आकडा. किमान नमुना काढताना अपूर्णांक नेहमी वरच्या बाजूला न्यायचा असतो, त्यामुळे काटेकोर उत्तर ३८५ आहे. छापील तक्त्यांत ३८४ दिसतं, गाइडही तेच सांगतात. एका दुकानानं काही बिघडत नाही, पण ३८५ का लिहिलं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पी माहीत नसताना ०.५ का धरतात? पी × (१ − पी) हा गुणाकार तिथे सर्वांत मोठा होतो. ०.५ ला ०.२५, ०.३ ला ०.२१, ०.१ ला ०.०९. म्हणजे खरं प्रमाण काहीही निघालं तरी ३८५ कमी पडत नाहीत. काही जण आधी तीस दुकानं बघून येतात, त्यात २० टक्के निघाले की पी ०.२ घालून २४६ वर येतात. तीस दुकानांतून आलेले ते २० टक्के स्वतःच १४ टक्क्यांनी खालीवर होऊ शकतात. चाचणी पाहणी वापरायचीच असेल तर त्या पट्ट्याचं ५० च्या जवळचं टोक घ्या. इथे ते ३४ टक्के आहे आणि नमुना ३४५ येतो.

आता शहर आणि जिल्हा. सूत्रात एकूण संख्या कुठेच नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तेव्हा भांडं पावशेराचं की पंगतीचं हे कुणी विचारत नाही. भात नीट हलवलेला असला म्हणजे झालं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७.८ लाख होती. त्यातून खरोखर चिठ्ठ्या काढल्यासारखे ३८५ जण निवडले, तर एखाद्या शहरातून निवडलेल्या ३८५ इतकंच नेमकं उत्तर मिळतं.

मात्र मैत्रिणीला एक सांगा. तिला अथणी, चिकोडी, गोकाक, खानापूर अशी तालुकावार टक्केवारी द्यायची असेल, तर ३८५ जिल्ह्याला मिळून पुरणार नाहीत. प्रत्येक तालुक्याला वेगळे ३८५ लागतील. अहवालात ज्या ज्या गटाबद्दल स्वतंत्र टक्केवारी लिहायची आहे, त्या प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा. प्रकल्प इथेच फसतात: जिल्ह्याचे ३८५ गोळा करून मग एका तालुक्याच्या वाट्याला आलेल्या तीस-पस्तीस माणसांवर पानभर निष्कर्ष लिहिले जातात.

शेवटी, ३८५ हा दगडावरचा आकडा नाही. १० टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ९७ पुरतात, ४ टक्क्यांना ६०१, ३ ला १०६८, २ ला २४०१, १ ला ९६०४. चूक निम्मी करायची तर काम चौपट वाढतं. म्हणून आधी विचारायचा प्रश्न हा: या उत्तरावर पुढे काय ठरणार आहे? वही लिहिणारे ६० टक्के निघाले काय किंवा ६५ निघाले काय, तुमचा निष्कर्ष तोच राहणार असेल, तर १ टक्क्याच्या अचूकपणासाठी साडेनऊ हजार दुकानं पालथी घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या गावात ६४० घरं आहेत. बारावीपुढे शिकलेलं कुणी आहे अशी घरं किती टक्के, ते शाळेतर्फे काढायचंय. एका सूत्रानं २४१ येतात, दुसऱ्यानं २४७. खरं कुठलं? आणि घरं निवडायची कशी? (शिक्षक, निपाणी भाग)

उत्तर : गाव लहान असलं की एकूण संख्येचा फरक पडतो, कारण निवडलेली घरं गावाचा मोठा हिस्सा होऊन बसतात. त्यासाठी आधीच्या उत्तराला एक दुरुस्ती लावतात:

३८४.१६ ÷ (१ + ३८३.१६ ÷ ६४०) = २४०.३, म्हणजे २४१.

याच दुरुस्तीनं २०० घरांना १३२ येतात, ५,००० ना ३५७, एक लाखाला ३८३. पुढे आकडा ३८५ वर थांबतो.

तुमचं दुसरं सूत्र तारो यामाने यांचं आहे: ६४० ÷ (१ + ६४० × ०.००२५) = २४६.२, म्हणजे २४७. त्यात झेड १.९६ ऐवजी २ धरलेला आहे आणि पी ०.५, म्हणून सहा घरं जास्त. दोन्ही चालतात. पण यामानेच्या सूत्रात खात्रीची पातळी आणि पी आतच बांधलेले आहेत. कुणी ९० टक्के खात्री हवी म्हणून ई ०.१० घालतो, ती चूक आहे. ई म्हणजे फक्त त्रुटीची मर्यादा, खात्रीशी तिची गल्लत करू नका.

२४१ ही भरून आलेल्या फॉर्मांची संख्या आहे, ठोठवायच्या दारांची नव्हे. शंभरातली १५ घरं बंद सापडतील किंवा उत्तर देणार नाहीत असं धरलं, तर २४०.३ ला ०.८५ नं भागा: २८३ घरं. इथे पुष्कळ जण २४१ मध्ये १५ टक्के मिळवतात आणि २७८ वर थांबतात. २७८ चे ८५ टक्के २३६ च होतात, पाच घरं कमी पडतात. भागायचं, मिळवायचं नाही.

निवडीसाठी यादी लागते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी सहज मिळते, पण ती जशीच्या तशी घेऊ नका. तुमच्या भागात कितीतरी कुटुंबं मळ्यात राहतात, ती यादीतून सुटतात किंवा गावातल्या जुन्या घरावर दिसतात. एका घर-नंबरात दोन भावांच्या दोन चुली असतात. काही घरांना वर्षानुवर्षं कुलूप असतं. मतदार यादी वापरली तर जास्त मतदारांचं घर जास्त वेळा येतं आणि त्याची निवड व्हायची शक्यता वाढते. घरपट्टीची यादी घेऊन अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांच्यासोबत एक दिवस बसा, मळे जोडा, चुली वेगळ्या करा, कायमची बंद घरं काढा. यात ६४० चे ६७० झाले तर गणित पुन्हा करा. नुसत्या सूत्रात डोकं घालण्यापेक्षा त्या एका दिवसाचा फायदा जास्त आहे.

मग क्रमानं निवड. ६४० ÷ २८३ = २.२६. प्रत्येक दुसरं घर घेतलं तर ३२० होतात, प्रत्येक तिसरं घेतलं तर २१३. म्हणून अपूर्णांक तसाच ठेवा. ० आणि २.२६ यांच्या मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा. समजा १.४० आला. त्यात २.२६ मिळवत जा: १.४०, ३.६६, ५.९२, ८.१८... प्रत्येक आकडा वर न्या: घर क्रमांक २, ४, ६, ९... भागाकाराचे चार दशांश (२.२६१५) ठेवून कॅल्क्युलेटरवर यादी आधीच काढून ठेवा, म्हणजे शेवटाकडे घसरण होत नाही.

घर बंद असलं की शेजारचं घर घ्यायचं नाही. हे मुलांना निक्षून सांगा. दिवसा ज्यांचं दार उघडं असतं ती घरं आणि ज्यांचं बंद असतं ती घरं सारखी नसतात. शिकून नोकरीला जाणारी माणसं बंद दारामागचीच असायची शक्यता जास्त, आणि तुमचा प्रश्न तर नेमका शिक्षणाचा आहे. निदान तीन खेपा घाला, त्यातली एक संध्याकाळी आणि एक सुटीच्या दिवशी. ऊसतोडीच्या हंगामात पाहणी ठेवली तर दिवसभर रानातच असणारी घरं निसटतील, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : लोकसंख्येच्या दहा टक्के घेतले की झालं, असं सगळेच म्हणतात. खरं आहे का? (वाचक, संकेश्वर)

उत्तर : नाही. वरच्याच गावात दहा टक्के म्हणजे ६४ घरं, आणि त्रुटी येते ११.६ टक्के. एक लाख घरांच्या शहरात तोच नियम लावला तर १०,००० घरं होतात, तिथे ५ टक्के त्रुटीला ३८३ पुरली असती. एकीकडे उत्तर कच्चं, दुसरीकडे पैसा वाया.

प्रश्न : आमच्या युवक मंडळानं खानापूर तालुक्यातली १९ गावं निवडून प्रत्येकी २० घरं केली. ३८० झाली, म्हणजे ३८४ च्या जवळच. प्रश्न दोन होते: घरात नळाचं पाणी येतं का, आणि घरात पदवीधर आहे का. ५ टक्के त्रुटी म्हणून लिहू ना? (कार्यकर्ता, जांबोटी भाग)

उत्तर : नका लिहू. तुमची मेहनत आम्हाला दिसते, म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

३८५ चं सूत्र असं धरतं की प्रत्येक घर तालुक्यातून सुटं सुटं उचललं आहे. तुम्ही वीस-वीसच्या झुपक्यांनी उचललंत. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसावं घर पहिल्या घराइतकी नवी माहिती देत नाही. किती तोटा होतो तो डिझाइन इफेक्टनं मोजतात:

डिझाइन इफेक्ट = १ + (एका गावातली घरं − १) × सारखेपणा

या सारखेपणाला आयसीसी म्हणतात. तो ० ते १ च्या दरम्यान धरा. ० म्हणजे गावाचा काही संबंध नाही, १ म्हणजे गावात सगळ्यांचं उत्तर एकच.

पदवीधराच्या प्रश्नाला तो ०.०५ धरू. १ + १९ × ०.०५ = १.९५. तुमच्या ३८० घरांची किंमत ३८० ÷ १.९५, म्हणजे १९५ सुट्या घरांएवढी. त्रुटी ७ टक्के. हे सांगण्याजोगं उत्तर आहे, ७ टक्के म्हणून स्पष्ट लिहा.

नळाची गोष्ट वेगळी. पाण्याची योजना घरागणिक होत नाही, गावाला किंवा वस्तीला एकदम होते. टाकी उभी राहिली की बहुतेकांकडे पाणी, नाहीतर कुणाकडेच नाही. सारखेपणा ०.६ धरला तरी डिझाइन इफेक्ट १२.४ होतो आणि ३८० घरांची किंमत उरते ३१. त्रुटी जवळपास १८ टक्के. वीस दारं ठोठावून तुम्ही खरं तर एकच गोष्ट वीसदा ऐकलीत. या प्रश्नासाठी प्रत्येक गावात चार-पाच घरं आणि गावं मात्र भरपूर, असं करायला हवं होतं.

पुढच्या खेपेसाठी पदवीधराच्या प्रश्नाचा हिशेब देतो, ५ टक्के त्रुटीचा. गावात २० घरं घेतली तर ३८४.१६ × १.९५ = ७५० घरं, ३८ गावं. गावात १० घेतली तर १.४५ नं गुणून ५५८ घरं, ५६ गावं. दुसऱ्या बेतात घरं जवळपास दोनशेनं कमी, पण गावं अठरा जास्त. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यातच अर्धा दिवस मोडतो, तिथे पहिला बेत स्वस्त पडेल. मधे कुठेही पूर्णांक करू नका, शेवटी एकदाच वर न्या. लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ३० गावं, प्रत्येकी ७ मुलं ही जुनी पद्धत याच गणितावर उभी आहे: १० टक्के त्रुटीला ९६, डिझाइन इफेक्ट २ धरून १९२, आणि ती गरज भागेल असे ३० × ७ = २१०.

गावं कशी निवडलीत ते पत्रात नाही. सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या टाकून काढली असतील, तर चाळीस उंबऱ्यांच्या वाडीला आणि हजार घरांच्या गावाला सारखीच संधी मिळाली, आणि दोन्हीकडून वीसच घरं घेतल्यानं वाडीतल्या घरांचं वजन फाजील वाढलं. त्याऐवजी असं करा. सगळी गावं एकाखाली एक लिहून घरांची बेरीज पुढे पुढे करत जा. एकूण ५७,००० घरं आणि ३८ गावं हवी असं धरलं, तर टप्पा १,५००. १ ते १,५०० मधला आकडा चिठ्ठीनं काढा, समजा ६१२. मग २,११२, ३,६१२ असं पुढे. हे आकडे ज्या गावांच्या बेरजेत पडतील ती गावं घ्या. मोठ्या गावाला आपोआप जास्त संधी मिळते, आणि नंतर गावागणिक सारखी घरं घेतली की वजनं लावायची गरज उरत नाही. गवळीवाडे मूळ गावाच्या बेरजेत धरलेत का, ते आधी तपासा. आणि तुमच्याकडे गोव्याला कामाला जाणारे पुष्कळ, त्यामुळे सुटीच्या दिवसाची खेप चुकवू नका.

प्रश्न : नर्सिंगच्या प्रबंधासाठी ४ पीक्यू भागिले एल वर्ग हे सूत्र दिलंय. आजाराचं प्रमाण १० टक्के धरून मला ९ रुग्ण आले, वर्गातल्या दुसरीला ९००. (विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : सूत्र तेच आहे, झेड २ धरला की झेड²चे ४ होतात. क्यू म्हणजे १०० − पी आणि एल म्हणजे वरचा ई, सगळं टक्क्यांत. गोंधळ एलचा आहे. तुमच्याकडे ‘एल २० टक्के’ असं लिहून दिलेलं असणार. त्याचा अर्थ प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे १० चे २० टक्के, २. मग ४ × १० × ९० ÷ ४ = ९००. तुम्ही सरळ २० घातलेत: ३,६०० ÷ ४०० = ९. तुमच्या ९ चा अर्थ ‘प्रमाण उणे १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान’ असा होतो. आजार उणे असू शकत नाही, तिथेच गणित चुकल्याचं कळायला हवं.

प्रमाण कमी असलं की हे फार जपावं लागतं. २ टक्क्यांच्या आजाराला सवयीनं ५ टक्के त्रुटी धरली तर ३१ जण येतात, त्यात एखादा रुग्ण सापडला तर सापडला. १ टक्का त्रुटीला ७५३ लागतात, आणि प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे अर्धा टक्का त्रुटी हवी असेल तर ३,०१२. नमुन्यात अपेक्षित रुग्ण मोजके असतील तर शेवटचा पट्टा नेहमीच्या सूत्रानं न काढता विल्सन पद्धतीनं काढा, तो शून्याखाली जात नाही. आणि १५० जण तपासून एकही रुग्ण सापडला नाही, तर ‘आजार नाही’ असं लिहू नका. ३ भागिले १५०, म्हणजे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत असू शकतं, एवढंच म्हणता येतं.

प्रश्न : सीमाभागातली किती टक्के मराठी कुटुंबं मुलांना मराठी शाळेत घालतात, यासाठी आम्ही गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवला. ११०० उत्तरं आली. १०६८ च्या वर आहेत, म्हणजे ३ टक्के त्रुटी धरायची ना? (माजी विद्यार्थी संघाचा सदस्य, शहापूर)

उत्तर : विषय आमच्याही जिव्हाळ्याचा आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो: या फॉर्मला त्रुटीची मर्यादा लावताच येत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मराठी ग्रुपांवर जी माणसं आहेत ती मराठी शाळेतूनच आलेली, आणि त्यातही ज्यांना या विषयाची कळकळ आहे तीच फॉर्म भरतात. ज्यानं मुलीला कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात घातलं तो बाप ग्रुपवर असला तरी गप्प बसेल. १,१०० चे ११,००० झाले तरी कल तोच राहणार.

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या आणि लँडन जिंकणार असं छापून आलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्यांच्या याद्या फोन आणि मोटार असणाऱ्यांच्या होत्या, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे वेगळे होते. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं की अगदी लहान वाफे घेतले तर उतारा जास्त दिसतो, कारण कडेची रोपं कापणारा आत ओढून घेतो. असे कितीही वाफे वाढवले तरी ती चूक कमी होत नाही.

मिळालेली ११०० उत्तरं टाकून देऊ नका. लोक कारणं काय सांगतात हे त्यातून चांगलं कळेल. टक्केवारीसाठी मात्र गावं निवडून घरोघर जा, वरचं खानापूरचं गणित तुम्हालाही लागू आहे. ‘मराठी कुटुंब’ कुणाला म्हणायचं ते आधी लेखी ठरवा. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्यांचं काय करायचं हे प्रत्येक पोरगं दारात उभं राहून आपल्या मनानं ठरवू लागलं, तर नमुना कितीही मोठा असो, उपयोग नाही. प्रश्नावली दोन्ही भाषांत छापा, आणि ‘मराठी शाळेत घालावं असं वाटतं का’ असं न विचारता ‘सध्या शिकणारं प्रत्येक मूल कुठल्या माध्यमात आहे’ असं विचारा.

प्रश्न : ३८५ ठरले होते, ३६२ च फॉर्म भरून आले. ३१ टक्के ‘हो’ म्हणाले. आता अहवालात काय लिहू? उरलेले २३ ओळखीच्यांकडून भरून घेतले तर? (विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : ओळखीच्यांकडून मुळीच भरून घेऊ नका. तुमचं काम फसलेलं नाही. ३८५ चं गणित पी ०.५ धरून होतं, प्रत्यक्षात ०.३१ निघाला. आता त्रुटी नव्यानं काढा: १.९६ × वर्गमूळ (०.३१ × ०.६९ ÷ ३६२) = ०.०४८. म्हणजे ४.८ टक्के, ठरवलेल्या ५ च्या आतच. मात्र हे गणित सुट्या, चिठ्ठीनं काढलेल्या निवडीलाच लागू आहे. तुम्हीही झुपक्यांनी माणसं घेतली असतील तर ४.८ ला डिझाइन इफेक्टच्या वर्गमुळानं गुणा. तशी निवड नसेल तर अहवालात लिहा: ‘३८५ पैकी ३६२ जणांनी (९४ टक्के) उत्तर दिलं. प्रमाण ३१ टक्के, ९५ टक्के खात्रीनं २६.२ ते ३५.८.’ त्याखाली, राहिलेले २३ जण का राहिले याची एक ओळ: किती घरं बंद, किती जणांनी नकार दिला, किती जण गाव सोडून गेले.